छापील आकडा आणि खरी मर्यादा

शाळेच्या स्मरणिकेत सहसा इमारतीच्या पायाभरणीची, देणगीदारांच्या दातृत्वाची आणि गुणवंतांच्या यशाची नोंद होते. ती व्हायलाच हवी. परंतु शाळेत जे वाद झडतात त्यांचीही नोंद व्हावी, असे आम्हांस वाटते. कारण संस्था कोणत्या दिशेने विचार करते आहे, हे तिच्या वादांतून अधिक स्पष्ट दिसते. संगणक कक्षाचे काम पाहणारे आम्ही शिक्षक अशाच एका वादाविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

देणगीतून आलेल्या जुन्या संगणकांपैकी एक यंत्र आम्हांला उघडू द्यावे आणि त्याचा प्रोसेसर कारखान्याने ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवून पाहू द्यावा, अशी मागणी वसतिगृहातील नववी-दहावीच्या काही मुलामुलींनी केली. या प्रकाराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. काही सहकाऱ्यांना ही मागणी रुचली नाही. त्यांचे म्हणणे हलके नाही. यंत्रे मोजकी आहेत, ती समाजाच्या घामाच्या पैशांतून आलेली आहेत. उत्साहाच्या भरात एखादे जळाले तर उत्तर कोण देणार? आमचे मत असे की ही परवानगी द्यावी; मात्र तपमान मोजण्याच्या शिस्तीसह आणि नोंदवहीसह द्यावी.

प्रथम विषय समजून घेऊ. प्रोसेसर एका ठरावीक ठेक्यावर काम करतो. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. हा ठेका वाढविला की काम लवकर होते. पण ठेका वाढला की आतील सूक्ष्म ट्रान्झिस्टरांना आपली स्थिती बदलण्यास कमी वेळ मिळतो. तो पुरेनासा झाला की हिशेब चुकू लागतात. मग त्यांना अधिक व्होल्टेज द्यावे लागते. उष्णतेचा प्रश्न खरा येथे उभा राहतो. वेगाच्या प्रमाणात उष्णता वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक उदाहरण घेऊ. ४ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ६५ वॅट उष्णता देत असेल, आणि आपण त्याला ४.४ गिगाहर्ट्झ व १.३५ व्होल्टवर नेले, तर वेग वाढला १० टक्के, पण उष्णता झाली सुमारे ९० वॅट, म्हणजे जवळपास ३९ टक्के अधिक.

यात विजेचाही एक धडा आहे. भिंतीतील २३० व्होल्टची वीज संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये १२ व्होल्टवर येते आणि मदरबोर्डवरील नियंत्रक ती सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवितात. व्होल्ट इतके कमी झाले की तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह प्रचंड लागतो. ६५ वॅटचा प्रोसेसर १.२० व्होल्टवर सुमारे ५४ अँपिअर घेतो. दोन हजार वॅटचा गीझर घरातील तारेतून सुमारे ९ अँपिअर घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून काय वाहते याची कल्पना येईल. हा प्रवाह आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली तर आतील सूक्ष्म धातुवाहिन्यांमधील अणूच हळूहळू जागा सोडतात. ती झीज भरून येत नाही. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. काही महिन्यांनी, पूर्वी सहज पेलत असलेल्या वेगावर अडखळू लागते.

आपल्या मुंबईच्या उपनगरांत या गणिताला आणखी एक पद जोडावे लागते. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला थंड करतात म्हणजे त्याची उष्णता खोलीतील हवेला देतात. म्हणून प्रोसेसरचे तपमान नेहमी खोलीच्या तपमानावर चढून मोजायचे असते. वरील ६५ वॅटचा प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंश वर राहत असेल, तर २५ अंशांच्या वातानुकूलित दालनात तो ६५ अंशांवर असेल. आमच्या ३४ अंशांच्या कक्षात तो ७४ वर जाईल. ९० वॅटवर नेल्यास तोच ९० अंशांच्या जवळ पोहोचेल, आणि पुष्कळ प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर स्वतःच वेग कमी करून घेतात. म्हणजे वाढविलेला वेग हातून जातो आणि उष्णता तेवढी पदरी पडते. मार्चमध्ये समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो त्या दिवशी घाटकोपर-मुलुंडच्या पत्र्याच्या छपराखाली काय होते, हे येथील मुलांना कोणी शिकवायला नको. परदेशी माणसाने थंड प्रदेशात बसून सांगितलेले आकडे येथे जसेच्या तसे उतरत नाहीत. उलट टोकाला जाऊन खोलीच्या हवेपेक्षाही थंड करावे, तर आपल्या दमट हवेतील वाफ मदरबोर्डवर पाणी होऊन साचते.

शाळेची सहल बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जाते तेव्हा आम्ही मुलांना मूर्तींइतक्याच आवर्जून तेथील पाण्याच्या पोढी दाखवितो. विहारांच्या शेजारी खडकात टाकी कोरलेली आहेत, पावसाचे पाणी त्यांत वळविण्यासाठी पन्हळी आहेत. डोंगरावर वस्ती करायची, तर पाऊस आणि ऊन यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो, हे त्या भिक्खूंनी ओळखले होते. आम्ही मुलांना सांगतो की प्रोसेसरचेही तसेच आहे. वेग वाढविण्याचा विचार नंतर; आधी हीटसिंकवरची धूळ काढा, वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा, हवा कोठून आत येते आणि कोठून बाहेर जाते ते पाहा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, एवढा धोका आहे तर कारखान्याचा आकडा निमूटपणे मान्य का करू नये? याचे उत्तर त्या आकड्याच्या इतिहासात आहे. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्यावर ३०० मेगाहर्ट्झ असा आकडा होता. त्याचा गुणक साडेचार आणि मदरबोर्डचा ठेका ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून ३००. ज्यांनी तो ठेका १०० केला, त्यांच्यापैकी अनेकांचा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर सुखरूप चालला आणि कितीतरी महाग प्रोसेसरांच्या पंक्तीत जाऊन बसला. अंगात कुवत होती. छाप मात्र कमी पडलेली होती. बाजारात कोणत्या किमतीला काय विकायचे, यावरूनही छाप ठरते.

दुसरीही बाजू आहे, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेग वाढवीत राहण्याची वाट खुद्द इंटेललाही सोडावी लागली. २००४ साली ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत कंपनीने रद्द केला आणि एकाऐवजी अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरांकडे ती वळली. उष्णता आवरेनाशी झाली होती. अगदी अलीकडे, २०२४ साली, तिच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अकाली बिघडू लागले. गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जाणे हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने मान्य केले, दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. पण जे झिजले ते दुरुस्तीने पूर्ववत होणार नव्हते. म्हणजे छापील आकडा कधी कुवतीपेक्षा कमी असतो, तर कधी कारखान्याची स्वतःची मांडणीही मर्यादा ओलांडते. दोन्ही वेळा खरे काय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि मोजायचे ते प्रत्येक प्रोसेसरचे स्वतंत्रपणे. एकाच कारखान्यातून, एकाच नावाने निघालेले दोन प्रोसेसर सारखे नसतात. एक ४.४ गिगाहर्ट्झ १.२५ व्होल्टवर पेलतो, दुसऱ्याला त्यासाठी १.३५ लागतात. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन चालत नाही. कोणी थोर माणसाने सांगितले, परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, स्वतः पडताळून पाहा, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपल्या प्रार्थनासभेत मुले नेहमी ऐकतात. तो उपदेश हाताने करून पाहण्याची इतकी सोपी संधी आम्हांला दुसरी दिसत नाही. १०० मेगाहर्ट्झ वाढवा, तासभर पूर्ण भार देऊन तपासा, तपमान लिहा. चूक निघाली तर व्होल्टेज शंभरांश व्होल्टने वाढवा, पुन्हा तपासा. संगणक बंद पडला नाही म्हणजे हिशेब बरोबर आहे, असेही समजू नका. मुकाट्याने चुकीचे उत्तर देणारे यंत्र बंद पडलेल्या यंत्रापेक्षा घातक असते.

या सरावात आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेग वाढविण्याचा नाहीच. तोच ४ गिगाहर्ट्झचा वेग कायम ठेवून व्होल्टेज १.२० वरून १.१० पर्यंत उतरविता आले, तर उष्णता सुमारे १६ टक्क्यांनी घटते. कारखाने सर्वांत कमकुवत प्रोसेसरचा विचार करून व्होल्टेज थोडे अधिकच ठेवतात. म्हणून हे पुष्कळदा साधते. काम तेवढेच, पंख्याचा आवाज कमी, विजेचे बिल कमी, यंत्राचे आयुष्य अधिक. सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दाखला देऊन तथागतांनी सांगितलेला मध्यम मार्ग येथे आकड्यांत दिसतो. तार ताणण्याआधी ती उगाच किती ताणलेली आहे, हे पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या मुलांनी यंत्र का उघडावे? २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत लाखो लोकांना संगणक वापरायला शिकविले. ते काम मोठेच आहे. परंतु वापरणे ही पहिली पायरी झाली. अंधेरीत सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीचे क्षेत्र १९७३ साली उभे राहिले. त्याच उपनगरांतील मुलगा आज टंकलेखन करून प्रमाणपत्र मिळवितो, पण झाकणाखाली काय आहे ते त्याने पाहिलेले नसते. याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी स्वतः रचलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला. पुस्तके वाचून, हाताने जोडून, चुकून आणि दुरुस्त करून तो उभा राहिला. तशी संधी आपल्या वस्त्यांतील मुलांपर्यंत यायला किती काळ लागावा? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे श्रम खाते होते आणि देशाच्या वीज-नियोजनाची जबाबदारीही त्यांनी वाहिली. वीज ही त्यांना दारिद्र्यातून सुटकेची वाट दिसत होती. त्यांच्या नावाने चालणाऱ्या शाळेत व्होल्ट आणि अँपिअर हे केवळ परीक्षेपुरते शब्द राहू नयेत.

छापील आकड्याची गोष्ट आमच्या मनाला अधिक लागते, याचे कारण वाचक जाणतील. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांवर जन्मतःच आकडे छापले गेले, आणि ती छाप म्हणजेच कुवत असे सांगितले गेले. मुलगा म्हणजे यंत्र नव्हे. प्रोसेसरची मर्यादा घडतानाच ठरते, माणसाची तशी ठरत नाही. म्हणून उपमा फार ताणणार नाही. परंतु दुसऱ्याने लावलेली छाप आणि स्वतः मोजलेली कुवत यांतला फरक ज्या मुलाने एकदा हाताने अनुभवला, तो पुढे कोणाचीही छाप न तपासता स्वीकारणार नाही, असा आमचा विश्वास आहे. आणि रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत बसविले की गुण वाढतात असे मानणाऱ्या आम्हां शिक्षकांनाही, उष्णता बाहेर नेण्याची सोय न करता ताण वाढविल्यास काय होते, याची आठवण राहील.

विरोध करणाऱ्या सहकाऱ्यांच्या चिंतेचा मान राखून आम्ही पुढील अटी सुचवितो. वेग बदलण्याची मुभा सर्वच प्रोसेसरांत नसते. इंटेलच्या नावाअखेरीस ‘के’ असलेले प्रोसेसर आणि एएमडीचे बहुतेक रायझन यांतच ती असते, आणि मदरबोर्डही तसा लागतो. असे एकच, हमीची मुदत संपलेले यंत्र या कामासाठी राखून ठेवावे. त्यावर शाळेचे कोणतेही दप्तर असू नये. व्होल्टेज मदरबोर्डच्या मर्जीवर न सोडता हाताने ठरवावे. पूर्ण भाराखाली ८५ अंश ही लक्ष्मणरेषा मानावी. पॉवर सप्लायची पेटी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणा भार साठलेला असतो. शिक्षक हजर असल्याशिवाय बदल करू नये, आणि प्रत्येक बदलाची तारीख, खोलीचे तपमान, वेग, व्होल्टेज व निकाल वहीत लिहावा. यंत्र बिघडले तर तेही त्याच वहीत, कोणालाही दोष न देता लिहावे.

एवढे करूनही एखादे दिवशी ते यंत्र जळेल, हे शक्य आहे. त्या दिवशी आम्ही ती वही देणगीदारांसमोर ठेवू. तिच्यात मुलांच्या अक्षरात लिहिलेली कारणे असतील, आणि एका जुन्या प्रोसेसरच्या मोबदल्यात एवढे मिळाले तर देणगी वाया गेली असे ते म्हणणार नाहीत, असे आम्हांस वाटते.