पालिकेची शाळा कोणाच्या स्वाधीन करावयाची?

मुलुंडच्या आमच्या मित्रमंडळींत मध्यंतरीं शिक्षणाचा विषय निघाला, तेव्हां एक सुविद्य गृहस्थ म्हणाले, "महानगरपालिकेला शाळा चालवितां येत नाहींत हें आतां सिद्धच झालें आहे. इमारती तिच्या राहूं द्या, पैसा तिचा राहूं द्या. पण कारभार एखाद्या चांगल्या संस्थेकडे सोंपवा, म्हणजे गरिबांच्या मुलांचें कल्याण होईल." जमलेल्या बहुतेकांनीं माना डोलावल्या. त्यांपैकीं एकाचेंही मूल पालिकेच्या शाळेंत गेलेलें नव्हतें. प्रस्तुत लेखकाची मुलगीही गेली नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. कारण या वादांत आमचा वर्ग नेहमीं न्यायाधीशाच्या आसनावर बसतो, आणि वस्तुतः त्याची जागा आरोपीच्या पिंजऱ्यांत आहे.

मी स्वतः घाटकोपरला पालिकेच्या मराठी शाळेंत शिकलों. त्या वेळीं गिरणी कामगाराचा मुलगा, पोस्टमनचा मुलगा आणि बँकेंतील कारकुनाचा मुलगा एकाच बाकावर बसत. पुढें कारकुनानें आपलें मूल काढून इंग्रजी शाळेंत घातलें, त्याच्या मागून पोस्टमननें. आणि ज्याला दुसरीकडे जाण्याचें सामर्थ्य नव्हतें तो तेवढा मागें राहिला. शाळा बिघडली म्हणून आम्ही गेलों, असें आम्ही सांगतों. आम्ही गेलों म्हणूनही ती बिघडली, हें सांगावयाचें टाळतों. ज्यांच्या तक्रारीची अधिकाऱ्यांना थोडीबहुत भीति वाटे, ते पालकच निघून गेल्यावर तिची दाद कोणी घ्यावी?

आतां मूळ कल्पनेकडे वळूं. सरकारी पैसा, खासगी व्यवस्था आणि दोहोंमध्यें मुदतीची सनद, अशा शाळांचा कायदा अमेरिकेंत प्रथम मिनेसोटा राज्यानें १९९१ सालीं केला. इंग्लंडांतील 'अकॅडमी' शाळांची वाट साधारणतः तीच. मुंबई महानगरपालिकेनेंही २०१३ च्या जानेवारींत आपल्या शाळांसाठीं खासगी भागीदारीचें धोरण मंजूर केलें. पुढें २०२३ सालीं राज्य सरकारनें 'दत्तक शाळा' योजना काढली. तींत देणगीदारानें पांच किंवा दहा वर्षांकरितां शाळा दत्तक घ्यावी व आपलें नांव शाळेच्या नांवाला जोडून घ्यावें, अशी सोय आहे. दत्तक घेतलेलें मूल पांच वर्षांनीं परत करतां येतें, असें आमच्या धर्मशास्त्रांत तरी कोठें आढळत नाहीं!

प्रतिपक्षाचें म्हणणें दुबळें करून मांडण्याची मला इच्छा नाहीं. ते म्हणतात, खासगी संस्थांना सरकारी अनुदान ही १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून चालत आलेली पद्धति आहे. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं स्थापिलेली रयत शिक्षण संस्था किंवा १९२१ सालचें विलेपार्ल्याचें टिळक विद्यालय हीं समाजाच्या पुढाकारानेंच उभीं राहिलीं. मग आजच्या संस्थांनाच मज्जाव कां? 'आकांक्षा' सारख्या संस्था मुंबई-पुण्याच्या पालिकांच्या शाळांत निष्ठेनें काम करीत आहेत, हेंही ते दाखवून देतात. हें सर्व खरें आहे, आणि तें नाकारण्यानें कोणाचेंही हित होणार नाहीं.

पण या दाखल्यांतच उत्तरही आहे. जुन्या संस्थांनीं, जेथें शाळा नव्हती किंवा पुरेशी नव्हती तेथें नवी शाळा काढली. सार्वजनिक शाळा त्यांनीं करारानें हातीं घेतली नाहीं, तिच्या शेजारीं आपली भर घातली. शिवाय त्यांच्या संस्थापकांच्या मनांत मुदत नव्हती. शाळा बुडाली तर त्यांचें नांव बुडणार होतें. सनदेच्या भागीदाराला मुदत असते. देणगी आटली, संचालक बदलले, किंवा निकाल मनासारखे लागले नाहींत, तर त्याला सन्मानानें निघून जातां येतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थेवर टाकली आहे; तींतून पालिकेला निघून जातां येत नाहीं. भागीदार गेल्यावर तीच शाळा पालिकेच्या पदरांत पडणार. परंतु तोंपर्यंत तिचे अनुभवी शिक्षक पांगलेले असतील आणि शाळा चालविण्याची संवयही मोडलेली असेल. ज्याला सोडून जाण्याची मोकळीक आहे आणि ज्याला नाहीं, त्यांच्यांतील कराराला भागीदारी म्हणणें हा शब्दांचा दुरुपयोग होय.

दुसरा मुद्दा प्रवेशाचा. सोडत काढून प्रवेश दिला कीं न्याय झाला, असें सांगतात. परंतु सोडतींत नांव घालण्यासाठीं आधीं शाळेची माहिती लागते, अर्ज भरतां यावा लागतो, एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मुलुंडच्या डोंगरउतारावरील झोपडींत रहाणारी, घरकाम करणारी आई हें करूं शकेलच असें नाहीं. जागरूक पालकांचीं मुलें एका शाळेंत गोळा होतील, आणि उरलेलीं पालिकेच्या दुसऱ्या शाळेंत. मग दोहोंचे निकाल शेजारीं ठेवून पालिकेला नापास ठरविणें अगदीं सोपें!

तिसरा मुद्दा देखरेखीचा. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना देण्याचा नियम राबवितां राबवितां आमच्या सरकारची काय अवस्था झाली? शुल्काची भरपाई थकल्याची तक्रार शाळा वारंवार करीत आल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं सरकारनें नियमच बदलला, आणि एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या बंधनांतून मोकळें केलें. जुलैंत मुंबई उच्च न्यायालयानें तो बदल रद्द केला. ज्याला चतुर्थांश जागांचा हिशेब न्यायालयाच्या मदतीवांचून सांभाळतां आला नाहीं, तें सरकार संपूर्ण शाळेच्या सनदेवर नजर ठेवील, असें मानावयास भोळेपणा लागेल.

आणि पालिकेला येत नाहीं, हें तरी कोणीं सिद्ध केलें? २०२० सालीं जोगेश्वरीच्या पूनमनगरांत पालिकेनें केंद्रीय मंडळाची स्वतःची शाळा काढली. पुढें अशा शाळा वाढल्या, तेव्हां जागांहून अर्ज अधिक आले. तीच पालिका आणि तीच तिजोरी. मनावर घेतलें एवढाच फरक. आठ भाषांतून शाळा चालविणाऱ्या संस्थेनें ही इच्छा एका इंग्रजी माध्यमापुरती राखून ठेवावी आणि मराठी शाळा ओस पडूं द्याव्या, हाच तिच्यावरील खरा आरोप आहे. तो आरोप खासगी हातांनीं पुसला जाणार नाहीं.

तरीही भागीदार घ्यावयाचाच असेल तर अटी स्पष्ट असाव्या. वस्तींतील कोणतेंही मूल, वर्षाच्या मध्यावर आलें तरी, परत पाठवितां कामा नये. शिक्षकाची पात्रता व वेतन पालिकेच्या शिक्षकाहून कमी नसावें. जमाखर्च शाळेच्या दारावर लावावा. सनद संपली तर शाळा दुसऱ्या दिवशीं चालू राहील एवढे स्वतःचे शिक्षक पालिकेनें राखावे. या अटी जिला जाचक वाटतील, त्या संस्थेचा उद्देश आपोआप कळून येईल.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक १९१२ सालीं नापास झालें. विरोध करणाऱ्यांत परकी अधिकारी होते, तसे आमचे सुखवस्तू देशबांधवही होते. आज आम्ही विरोध करीत नाहीं, फक्त पाठ फिरवितों. परिणाम फारसा निराळा होत नाहीं. कायद्यानें सरकारी व पालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईंचें मूल ज्या शाळेंत जातें, तिचें नांव वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? तें विचारून घ्यावें, त्या समितीची सभा केव्हां झाली याची चौकशी करावी, आणि झालीच नसेल तर बाईंबरोबर मुख्याध्यापकांकडे जाऊन ती कां झाली नाहीं, हें विचारावें. मीं घाटकोपरच्या माझ्या जुन्या शाळेपासून तसा आरंभ करावयाचें ठरविलें आहे; फार उशिरा, याची मला जाणीव आहे.