खालाची झोपेची गोळी

सोलापूरची माझी खाला ७८ वर्षांची आहे. गेल्या थंडीत पहाटे वुजूसाठी उठली आणि मोरीच्या उंबऱ्याशी पडली. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, फरशी ओली असेल, वय झालं, अल्लाहची मर्जी. खाला मात्र म्हणते, फरशी कोरडी होती, "पाँव मेरे थेच नै."

तिच्या उशाखाली मला अल्प्राझोलामची पट्टी सापडली. खालूंच्या इंतकालानंतर डॉक्टरांनी ती पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. त्याला चार वर्षं झाली. हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये येतं. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरात नोंद करायची, असा २०१४ पासूनचा नियम आहे. खालाच्या गल्लीत रिकामी पट्टी दाखवली की पुरतं.

मी भाषा शिकवते, डॉक्टर नाही. पण जे समजून घेतलं ते असं : अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं मेंदूला शांत करतात, आणि त्याबरोबर शरीराचा तोल सांभाळण्याचं कामही मंदावतं. म्हातारपणी यकृत संथ होतं. डायझेपामसारखं औषध तर चरबीत साठून कित्येक दिवस रेंगाळतं. त्यात रक्तदाबाची गोळी चालू असेल तर झटकन उठल्यावर दाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. अमेरिकेतल्या वृद्धांच्या आजारांवरील तज्ज्ञांच्या संघटनेची 'बीअर्स' नावाची यादी आहे, ६५ वर्षांपुढच्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची. त्यात या तिन्ही गोळ्या आहेत. सर्दीवरचं क्लोरफेनिरामिनही आहे, जे आपण चहाबरोबर सहज हातावर ठेवतो.

पण माझं खरं भांडण दुकानदाराशी नाही, आपल्या घरांशी आहे. झोप येत नाही ही तक्रार होती कोणाची? खाला इशा पढून साडेनऊला झोपायची, साडेतीनला तहज्जुदसाठी जागी व्हायची. सहा तास झाले. जोहरनंतर आणखी तासभर. याला निद्रानाश म्हणायचं? भाभी म्हणायच्या, अम्मी रात्री खुडबुड करतात, मुलांची झोप मोडते. आम्ही सगळे माना डोलवायचो. मीही. गोळीच्या गुंगीत तिची फजर चुकायची आणि मग ती दिवसभर रडवेली असायची. तेही आम्ही वयावरच ढकललं.

आता कोणी हे वाचून घरातली पट्टी आजच फेकू नका. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर घबराट, थरथर, कधी झटकेही येतात. ती डॉक्टरांना विचारून, थोडी थोडी कमी करायची असते. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये अशा गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना एक माहितीपुस्तिका दिली होती. सहा महिन्यांत २७ टक्क्यांनी गोळी सोडली; पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खालाला तर चार वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं की ही गोळी कशाची आहे. ती तिला 'ताकद की गोली' समजत होती.

आता तिची गोळी अर्ध्यावर आली आहे. उशाशी टॉर्च आहे, मोरीत धरायला दांडी बसवली, वुजूसाठी स्टूल ठेवलं. नमाज खुर्चीवर होते. साडेतीनला ती उठते, खुडबुड करते. भाभी दिवा लावून देतात आणि परत झोपतात.