गाडी थरथरते समृद्धीवर, खड्डा असतो आपल्या गल्लीत

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण दारात चारचाकी उभी असेल तर वाचाच.

गेल्या महिन्यात आईला घेऊन संभाजीनगरहून नागपूरला निघालो. सावंगीला समृद्धीवर चढलो. काटा ९५ च्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरायचं, ८० वर आणलं की गप्प. मागच्या सीटवर आई निवांत झोपली होती, तिला पत्ताही नाही. निघायच्या आधी दोन गॅरेजं करून झाली होती. एकाने अलाइनमेंट केली, दुसऱ्याने बॅलन्सिंग केलं, वर नायट्रोजन भरला. दोघांचं म्हणणं एकच, "साहेब, गाडी ओके आहे."

नागपुरात एका टायरवाल्या काकांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक हाताने फिरवलं आणि रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हर धरला. चाक डुलत होतं. मग टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवला, म्हणाले, "इथे हात लावा." लिंबाएवढा फुगा. म्हणजे टायरच्या आतले धागे तुटलेले. त्या टायरवर मी आईला बसवून चारशेहून जास्त किलोमीटर आलो होतो.

पाच मिनिटांचं काम होतं हो हे! अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून झिजतो. थरथर हा तिचा आजारच नाही. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर, सीटमध्ये असेल तर मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर डिस्क बघा. अॅक्सिलरेटर दिल्यावर वाढून सोडल्यावर थांबत असेल तर ड्राइव्ह शाफ्ट. खात्री नाही? पुढची चाकं मागे लावा, थरथर मागे गेली तर दोष चाकातच. आणि बॅलन्सिंगचं मशीन वाकलेल्या रिमवरही शून्य दाखवतं, कारण ते वजन जुळवतं, आकार नाही. नायट्रोजनचा तर या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. पण एवढं विचारायला वेळ कोणाला आहे? मशीनवर चढवा, बिल फाडा.

"मग एवढं पळवता कशाला?" असं कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी सरकारनेच दिली आहे. १२० ला चाक सेकंदाला सतरा-अठरा गरके घेतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर त्या वेगाला तो साधारण सात किलोच्या जोराने चाकाला ओढतो. ६० ला तोच जोर पावणेदोन किलो. म्हणून शहरात गाडी लोण्यासारखी चालते आणि आपण बेफिकीर राहतो. हळू चालवल्याने थरथर लपते, फुगा जात नाही.

आता मूळ मुद्दा. रिम वाकली कुठे? समृद्धीवर नाही, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात. गाडी घेताना रोड टॅक्स मी एकरकमी भरलाय. समृद्धीचा टोल वेगळा. रिम आणि टायर खिशातून. इन्शुरन्सवाल्यांची साधी पॉलिसी नुसत्या टायरला पैसे देत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच देते, तेही टायरच्या किमतीच्या निम्मे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर ६ लाख, जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितली. फार बरं झालं. पण त्यासाठी आधी कोणीतरी मरायला किंवा हातपाय मोडून घ्यायला हवा!

आणि उद्या हाच फुगा १२० ला फुटला तर पेपरात काय येईल? "टायर फुटून अपघात, चालकाचे नियंत्रण सुटले." खड्ड्याचं नाव त्या बातमीत कुठेच नसेल.

फुगलेला टायर मी जपून ठेवलाय. फोटो, बिलं आणि खड्ड्याचं लोकेशन जोडून लेखी तक्रार दिली. अकराव्या दिवशी उत्तर आलं, सदर रस्ता आमच्या अखत्यारीत येत नाही. ज्यांच्या अखत्यारीत येतो असं त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडेही गेलो. त्यांनी पहिल्यांचाच पत्ता दिला.