सहाव्या वर्षीची दाढ

मूल सहा वर्षांचे होते त्या सुमारास त्याच्या शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तिचे आगमन घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडेल, मग नवी येईल’ म्हणून किडीकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः ही कायमची दाढ होय; ती गेल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही.

या दाढेच्या माथ्यावरील खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचे केस तळापर्यंत पोहोचत नाहीत. तेथे अडकलेल्या गोड व पिठूळ अन्नापासून जिवाणू आम्ल तयार करतात आणि दाताच्या कठीण आवरणातील क्षार झिरपू लागतात. आरंभी केवळ खडूसारखा पांढरा डाग दिसतो, वेदना नसते. खळगा पडलेला नसेल, तर फ्लोराइड व लाळेतील क्षार यांच्या साहाय्याने ही कीड थोपवता येते.

खाचांच्या रक्षणासाठी याच काळात सीलंट उपयोगी पडते. दंतवैद्य दाढ स्वच्छ करून विशिष्ट आम्लाने तिचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करतात, धुऊन कोरडा करतात, खाचांत पातळ द्रव्य सोडतात आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. सहसा सुई लागत नाही, दात कोरावा लागत नाही. खाचेत कीड नुकतीच लागली असली, तरी खळगा नसल्यास वरून सीलंट लावता येते. अन्न तुटल्याने आतील जिवाणूंची वाढ खुंटते.

खळगा पडल्यावर मात्र किडलेला भाग काढून फिलिंग करणे आवश्यक ठरते. तेही लांबवल्यास कीड नसेपर्यंत जाऊ शकते आणि अनेकदा रूट कॅनाल करण्याची किंवा दाढ काढण्याची वेळ येते. थोडक्या खर्चात राखता येणारे मुद्दल अशा रीतीने हातचे जाते.

सीलंट लावले म्हणून निर्धास्त होऊ नये. दोन दातांमधील फटीला त्याचे संरक्षण नसते. ते झिजते, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. गल्ल्याशेजारी बसलेल्या नातवंडाच्या हाती घटकेघटकेला गोळी ठेवण्यापेक्षा गोड पदार्थ जेवणासोबत द्यावा.

समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत जावे; सहावा दात दिसला, तर तो कायमचा जाणून दंतवैद्यांना दाखवावा.