जिल्ह्याची श्रेणी आणि गांवची शाळा

शालेय शिक्षणाच्या कामगिरीवरून जिल्ह्यांस श्रेणी देण्याची पद्धत केंद्रीय शिक्षण मंत्रालयानें सुरू केली आहे. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या अहवालांत ८३ निकष व एकंदर ६०० गुण होते. त्यांपैकीं २९० गुण विद्यार्थ्यांच्या प्रगतीस. बाकीचे अध्यापन, इमारती व सोयी, मुलांची सुरक्षितता, संगणकीय शिक्षण आणि कारभार यांस. जिल्ह्याकडून हिशेब मागितला जावा हें इष्टच होय. परंतु प्रतापगडासारख्या गांवच्या शेतकऱ्यानें या श्रेणीवर किती विसंबावें, याचा विचार अवश्य व्हावयास पाहिजे.

पैसेवारीचा अनुभव आपणां सर्वांस आहे. कांहीं निवडक शेतांत पीक कापणीचे प्रयोग होतात व त्यांवरून साऱ्या गांवच्या पिकाचा अंदाज बांधला जातो. गांवचा आंकडा बरा आला, कीं एखाद्याची बांधी पाण्याअभावीं करपली तरी ती त्यांत दिसत नाहीं. जिल्ह्याच्या श्रेणीचेंही तसेंच आहे. मुलांची प्रगती निवडक शाळांतील राष्ट्रीय सर्वेक्षणावरून धरली जाते, आणि इतर पुष्कळशी माहिती शाळाच भरून पाठवितात. गोंदिया शहर आणि अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील जंगलालगतचीं गांवें एकाच आंकड्यांत येतात. जिल्ह्यास चांगली श्रेणी मिळाली, म्हणून आमच्या गांवच्या पांचवींतील मुलास वाचतां येतें असें सिद्ध होत नाहीं.

केवळ निकालावर शाळा तोलण्याचा प्रयोग नवाही नाहीं. इंग्लंडांत १८६२ पासून वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर शाळांचें अनुदान ठरूं लागलें. परिणाम असा झाला कीं, शिक्षक मुलांकडून नेमलेलें पुस्तक घोकून घेऊं लागले. अखेर १८९० च्या दशकांत ती पद्धत सोडून द्यावी लागली.

मग जाब विचारावयाचा कोणीं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानें हा अधिकार गांवास दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख करणें, विकास आराखडा आंखणें व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणें हें तिचें काम. ही समिती सहीपुरती उरूं नये. पांचवीच्या प्रत्येक मुलाच्या हातीं दुसरीच्या तोडीचा उतारा देऊन तो वाचवून पाहावा. 'असर' या पाहणींत २००५ पासून हीच साधी रीत आहे. शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर तसा ठराव लेखी करून जिल्हा परिषदेकडे धाडावा.

येथें जमीनधारकांस दोन शब्द स्पष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. आपलें मूल शहरच्या शाळेंत घातलें, कीं गांवच्या शाळेच्या समितींत पालक म्हणून बसण्याचा आपला हक्क संपतो. आणि ज्यांच्या शब्दास गांवांत वजन, तेच बाहेर राहतात. दुसरें असें कीं, रोवणीच्या दिवसांत मजुरांचीं मुलें शाळा सोडून धुऱ्यावर धाकटीं भावंडें सांभाळीत बसतात, तीं आपल्याच बांध्यांच्या धुऱ्यावर. त्या गैरहजेरीचा जाब मंत्रालय आपणांस विचारणार नाहीं. तो आपणच आपणांस विचारला पाहिजे. येत्या रोवणीपूर्वीं समितीची बैठक भरावी, लहान मुलांच्या सांभाळाची सोय ठरावी, आणि मगच जिल्ह्याच्या श्रेणीची चर्चा करावी, असें आमचें मत आहे.