विश्लेषण : ग्राहकांना जाहिरातीचे एसएमएस पाठवताय? मोबाइल क्रमांक का बंद होऊ शकतो?

सणासुदीची सवलत, क्लासची नवी बॅच, फ्लॅटचे बुकिंग… अशा जाहिरातींचे एसएमएस अनेक छोटे व्यावसायिक स्वतःच्याच सिमवरून ग्राहकांना पाठवतात. मात्र भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी नियम कडक केल्यापासून ही सवय चांगलीच महागात पडू शकते. नियम नेमके काय आहेत?

मूळ चौकट काय?

व्यावसायिक संदेशांसाठी ट्रायचे २०१८ चे नियम लागू आहेत. त्यानुसार व्यवसायाला दूरसंचार कंपन्यांच्या ‘डीएलटी’ या ब्लॉकचेनवर आधारित प्रणालीत नोंदणी करावी लागते. एसएमएसवर दिसणारे नाव (हेडर) आणि मजकुराचा साचा (टेम्प्लेट) आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मजकूर साच्याशी जुळला नाही तर एसएमएस वाटेतच अडवला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी सुरू होताच बँकांचे ओटीपीही अडकले होते. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर नसलेली लिंक असलेले संदेशही रोखले जातात.

हेडरच्या शेवटचे अक्षर काय सांगते?

‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे ओटीपीसारखा व्यवहाराचा संदेश आणि ‘जी’ म्हणजे सरकारी संदेश. बिलाच्या मेसेजमध्येच ‘पुढच्या खरेदीवर सूट’ अशी ओळ घातली, तर तो सेवेचा संदेश राहत नाही, जाहिरात ठरतो.

नोंदणीशिवाय पाठवले तर?

जाहिरातीसाठी साधा दहा अंकी क्रमांक वापरता येत नाही. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्यावर कारवाई होत असे. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत. ग्राहकाने ‘डीएनडी’ घेतलेले नसले तरी त्याला तक्रार करता येते आणि त्यासाठी तीनऐवजी सात दिवस मिळतात. कंपनीला ३० ऐवजी पाच दिवसांत कारवाई करावी लागते. पहिल्या उल्लंघनाला आउटगोइंग सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा तसेच घडले तर त्या व्यावसायिकाच्या सर्व कंपन्यांकडील जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. दुकानाच्या पाटीवरचा आणि बँक, यूपीआयला जोडलेला क्रमांक एकच असेल, तर धंदाच ठप्प होईल.

ग्राहकाने नंबर दिला, म्हणजे संमती मिळाली?

नाही. बिलासाठी दिलेला नंबर ही जाहिरातीची परवानगी नव्हे. डीएनडी घेतलेल्या ग्राहकाला जाहिरात पाठवायची असेल, तर त्याची स्वतंत्र आणि स्पष्ट संमती लागते. जाहिरातीच्या संदेशात ती नाकारण्याची सोय देणे बंधनकारक आहे. ग्राहकाने नकार दिल्यावर ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही हेच सांगतो : संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

मग अडचण कुठे आहे?

ट्रायचे हे नियम एसएमएस आणि कॉलपुरते आहेत, व्हॉट्सॲपवरील जाहिराती त्यांच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे ग्राहकाचा त्रास संपत नाही, तो एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये जातो. शिवाय हेडर, साचे आणि मंजुऱ्या सांभाळायला मोठ्या कंपन्यांकडे स्वतंत्र माणसे असतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हे सगळे एकट्याने करायचे असते आणि कारवाईचा निकष मात्र त्याच्यासाठीही तोच, पाच तक्रारींचा आहे.

व्यावसायिकांनी काय करावे?

बल्क एसएमएस विकणारा ‘सगळे आम्ही बघतो’ म्हणाला, तरी हेडर आणि साचा आपल्याच नावावर आहे ना, हे आधी विचारावे. संमती कधी आणि कशी मिळाली, याची नोंद ठेवावी. ज्याने नको म्हटले, त्याचा नंबर त्याच दिवशी यादीतून काढावा. नकोसे एसएमएस येत असल्यास ग्राहकांना १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करता येते.