डाऊन सिंड्रोमच्या मुलालाही मन असते

नळदुर्गच्या वस्त्यांत आणि आसपासच्या खेड्यांतील बौद्धवाड्यांत अशी मुले सगळ्यांनी पाहिलेली असतात. चेहरा जरा चपटा, डोळे तिरपे, बोलणे अस्पष्ट, वागणे मायाळू. त्यांना नावाने हाक मारणारे थोडे, ‘येडं’ म्हणणारे फार. यांपैकी बऱ्याच मुलांना डाऊन सिंड्रोम असतो. त्यांच्या शरीराबद्दल थोडेफार बोलले जाते, मनाबद्दल कुणीच बोलत नाही. म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

आधी कारण समजून घेऊ. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. या मुलांत 21 व्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त असते. हा शोध 1959 साली पॅरिसमध्ये लागला. बहुतेक वेळा हा बदल आपोआप घडतो. आईचे वय वाढले की शक्यता वाढते, पण तरुण आईच्या पोटीही असे मूल जन्मते. ग्रहणात भाजी चिरली, कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचे पाप आहे, या गोष्टींचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला. आपण नवस सोडले, अंगारे सोडले, आणि घरात असे मूल आले की सुनेला मात्र ‘तुझ्याच नशिबानं’ म्हणतो. हे धम्माला धरून नाही. त्या बोलण्याने आई खचते आणि तिच्याबरोबर मूलही.

हे मूल बारा-चौदा वर्षांचे झाले की खरी परीक्षा सुरू होते. बरोबरीची मुले पुढच्या वर्गात जातात, खेळायला घेईनाशी होतात. धाकटी बहीण सायकल शिकते, याला कुणी हात लावू देत नाही. त्याला हे सगळे कळते, फक्त सांगता येत नाही. मग ते वागण्यातून बाहेर पडते. हसरे पोर गप्प होते, जेवण टाकते, रात्री जागते, आवडीचे काम सोडते, येत असलेले शब्द विसरते, एकटेच पुटपुटत बसते, चिडून मारते. घरचे म्हणतात, ‘ते तसंच आहे.’ कधी कधी दवाखान्यातही हेच ऐकायला मिळते. आमचे म्हणणे असे की, काल तसे नव्हते आणि आज झाले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. उदासी आणि भीती या मुलांनाही होते, आणि ती बरीही होते.

पण आधी शरीर तपासून घ्यावे. या मुलांत थायरॉईडचा त्रास बराच आढळतो. तो झाला की मूल सुस्त आणि उदास दिसते. वर्षातून एकदा रक्ताची तपासणी करावी. कमी ऐकू येणे, झोपेत घोरताना श्वास अडकणे, दातदुखी यांनीही वागणे बदलते. जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, म्हणून तीही तपासणी झालेली असावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यातील पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. तपासणीच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. पण आईबाप ऊसतोडीला गेले की मूलही फडावर जाते आणि तपासणी हुकते. जाण्याआधी आणि परतल्यावर आशाताईंना तारीख विचारून ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के व त्यापुढे दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. धाराशिव किंवा सोलापूर गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा आधी फोन करून विचारलेले बरे.

सरकारकडे आमची मागणी आहे की, मनाचा डॉक्टर ठरलेल्या दिवशी नळदुर्गपर्यंत यावा. 1993 च्या भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी याच नळदुर्गमध्ये ‘आपलं घर’ उभे राहिले. पोराला छपराबरोबर माया लागते, हे या गावाला नवे नाही.

आणि मागणी आपल्या स्वतःकडेही आहे. विहारातील रविवारच्या वर्गाला या मुलांना आणा. वंदनेला पुढे बसवा, मेणबत्ती लावू द्या, सतरंजी अंथरायचे काम त्यांच्याकडेच ठेवा. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांना दाराआड ठेवू नका. मोठ्या झालेल्या मुलीला शरीराची ओळख आणि ‘नको’ म्हणायला शिकवा, कारण अशा मुलांचा गैरफायदा घेणारे जवळचेच असतात. आईला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळतील एवढे शेजारणींनी पाहावे. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण रोज म्हणतो. ते या पोरांपर्यंत पोचले पाहिजेत.

जय भीम! नमो बुद्धाय!